‘गैरहजर’ या शेऱ्याबद्दल

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे दुसरा विषय नसतो. बोंडं फुटून कापूस लोंबायला लागलेला, वर आभाळ भरून आलेलं, आणि वेचायला माणूस नाही. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, चोपडा-जळगाव एसटीत एकच वाक्य ऐकू येतं: “दीड हजार घरबसल्या मिळताहेत, रेशन फुकट, मग कामाला कोण मरायला येतंय?” फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या एका सुनावणीत न्यायमूर्तींनीच मोफत योजनांमुळे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना मजूर मिळत नाहीत असं बोलून दाखवलं, तेव्हापासून या वाक्याला वजन आलं आहे. त्यावरचा तोडगाही ठरलेला आहे. कामाची अट घाला, हजेरी लावेल त्याला पैसे द्या, नाही लावली तर नाव कमी करा. दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात, बड्यांची कर्जं माफ होतात तेव्हा तुम्ही कुठे असता? दोन्हीकडचे तावातावाने बोलतात. ज्याच्याबद्दल मला लिहायचं आहे तो माणूस मात्र या भांडणात कुठेच दिसत नाही. तो टपरीवर बसत नाही, लग्नाला जात नाही, आणि एसटीत चढताना त्याचे तळहात घामाने भिजलेले असतात.

मी चोपडा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, ई-केवायसी, संजय गांधी निराधारचा अर्ज, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, तरुणांच्या प्रशिक्षणाची नोंदणी, सगळं माझ्या काउंटरवरून जातं. त्यामुळे अट ही गोष्ट मला भाषणातून नाही, संगणकाच्या पडद्यावरून माहीत आहे. माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. मदतीला कामाची अट असावी की नसावी यावर वाद घालण्याआधी ती अट मोजते काय, हे बघायला हवं. चिंतेच्या आजाराने ग्रासलेल्या माणसाच्या बाबतीत आपल्या बहुतेक अटी कामाची इच्छा मोजत नाहीत, कामाची ताकदही मोजत नाहीत. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, अनोळखी माणसांसमोर उभं राहून न घाबरता बोलता येतं की नाही, एवढंच त्या मोजतात. म्हणजे त्याचा आजारच मोजतात, आणि खाली शेरा मारतात आळशीपणाचा.

एक उदाहरण अगदी जवळचं आहे. आमच्या मागच्या गल्लीत एक मुलगा आहे, बी.कॉम. झालेला. 2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीवाल्याला महिना 6 हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8 हजार, पदवीधराला 10 हजार विद्यावेतन, आणि ते हजेरीवर. त्याचा अर्ज मीच भरला होता. एका कार्यालयात त्याला जागा मिळाली. पहिले काही दिवस मागच्या खोलीत बसून तो जुन्या फायलींची नोंद संगणकावर घेत होता. काम इतकं नीट की साहेबांनी दोनदा बोलावून शाबासकी दिली. मग एक दिवस समोरच्या खिडकीवरचा माणूस रजेवर गेला आणि याला तिथे बसवलं. अकराच्या सुमारास खिडकीसमोर वीस-पंचवीस लोक, पुढचा माणूस आवाज चढवून बोलतोय, आणि याच्या छातीत धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या, घशाला कोरड, श्वास पुरेना, आपण आत्ता इथेच मरणार असं वाटायला लागलं. तो उठून बाहेर पळाला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन तो कार्यालयाच्या पायऱ्यांपर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्या दिवशीही गेला, परत आला. असे किती दिवस तो पायऱ्यांपर्यंत जाऊन आला हे फक्त त्याला आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याला माहीत. हजेरीपटावर त्या प्रत्येक दिवसापुढे लाल शाईने एकच शब्द आहे, गैरहजर. विद्यावेतन गेलं, जागाही गेली. त्याची आई माझ्याकडे आली तेव्हा टेबलाची कड धरून उभी होती. “भाऊ, तो आयशी नही शे. त्याना जीव घाबरस.” आळशी नाही, जीव घाबरतो. अहिराणीतली ही दोन वाक्यं आपल्या एकाही फॉर्मच्या एकाही रकान्यात बसत नाहीत.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकून घेऊ, कारण ते खोटं नाही.

शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. माझ्या भावाची चार एकर कपाशी आहे. वेचणी आठ दिवस लांबली आणि त्यात अवकाळी पाऊस आला की कापूस काळा पडतो, व्यापारी हात लावत नाही, वर्षाची मेहनत बांधावर बसून बघावी लागते. त्याचा संताप मी घरात बघतो, त्याला नावं ठेवणं मला जमणार नाही. पण त्या मुलाचे पैसे बंद झाल्याने भावाच्या शेतात एक तरी हात वाढला का? खानदेशातले हात गेली कित्येक वर्षं सुरतेला जाताहेत. उधन्याला, लिंबायतला अहिराणी बोलणारे अख्खे मोहल्ले वसले आहेत. धडगाव-अक्कलकुव्याकडची आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातमध्ये ऊसतोडीला उतरतात. मजूर कमी पडण्याची कारणं तिकडे आहेत, मजुरीच्या दरात आहेत, पाण्यात आहेत. घरात कोंडून बसलेल्या घाबऱ्या माणसाची मदत तोडून वेचणीचा प्रश्न सुटत नाही.

दुसरा मुद्दा लबाडीचा. खोटे दाखले निघतात, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग दाखल्यावरून देशभर गदारोळ झाला. लाडकी बहीण योजनेत पुरुषांनी पैसे उचलल्याचं उघड झालं. तपासणी हवीच, मी तिच्या बाजूचा आहे. पण लबाड माणूस तपासणीच्या दिवशी काय करतो ते मी काउंटरवरून पाहिलेलं आहे. तो वेळेच्या आधी येतो. त्याची फाईल नीट लावलेली असते, झेरॉक्सचे तीन संच असतात, साहेबांशी बोलायची त्याला भीती नसते, ओळखीचा एखादा पुढारी सोबत असतो. हजेरीच्या परीक्षेत लबाड कधी नापास होत नाही. नापास होतो तो ज्याला खरंच त्रास आहे. जी चाळणी खडे ठेवून गहू खाली टाकते, ती आणखी बारीक केली म्हणून धान्य निवडलं जाईल का?

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, आणि तो मांडणाऱ्यांपैकी काहींचा हेतू खरोखर चांगला असतो. ते म्हणतात, काम हेच औषध आहे. माणूस घरात बसला की डोकं पोखरतं, त्याला सकाळी उठून जायला जागा असली की सुधारतो. हे बरोबर आहे. मी स्वतः त्यातून गेलो आहे म्हणून सांगतो. भीती वाटते म्हणून एक जागा टाळली की तात्पुरतं बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट होते. मग बाजार सुटतो, मग एसटी, मग लग्नकार्य, मग ओसरी. टाळणं हेच या आजाराचं खाद्य आहे. डॉक्टरसुद्धा उपचारात हळूहळू त्या जागेकडे न्यायलाच सांगतात. मग अट घालून बाहेर काढलं तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते इथे. आमच्याकडे पोरांना विहिरीत पोहायला शिकवतात. एक पद्धत अशी की कंबरेला रिकामा डबा बांधायचा, दोर वरच्या माणसाच्या हातात, पहिल्या दिवशी पायरीवर बसून नुसते पाय हलवायचे. दुसरी पद्धत, धरून काठावरून ढकलून द्यायचं. ढकललेल्यांतले काही पोहायला शिकतात आणि तेच पुढे आयुष्यभर सांगतात की हीच पद्धत खरी. जे शिकले नाहीत, ज्यांनी पुन्हा विहिरीकडे पाऊल टाकलं नाही, ते कुठे सांगायला येत नाहीत. माझ्या डॉक्टरांनी मला पहिल्या आठवड्यात फक्त कारखान्याच्या फाटकापर्यंत जायला सांगितलं होतं. दुसऱ्या आठवड्यात आत जाऊन पाच मिनिटं. छातीत लाट चढेल, चढू द्या, ती दहा-पंधरा मिनिटांत आपोआप उतरते हे एकदा अंगाला कळलं की तिची दहशत कमी होते. हे जमलं, कारण दोर माझ्या भरवशाच्या माणसाच्या हातात होता आणि एखाद्या दिवशी पाय मागे घेतला तर घरची चूल बंद होणार नव्हती. ‘उद्या आला नाहीस तर पैसे बंद’ या वाक्याखाली तीच पायरी चढायची म्हणजे भीतीवर आणखी एक भीती. औषध तेच असलं तरी मात्रा कोणी आणि कशी दिली यावर सगळं ठरतं.

माझंही सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. लग्नाआधी मी पुण्याकडच्या एका कारखान्यात होतो. पगारातून कामगार विमा कापला जायचा. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम देण्याची त्या कायद्यात सोय आहे. चांगली सोय आहे, ज्याने केली त्याचं भलं होवो. मला फक्त ठरावीक दिवसांनी दवाखान्यात जाऊन सर्टिफिकेट आणायचं होतं. मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा रांग बघून फाटकातूनच परतलो. तिथल्या कोणी मला वाईट वागवलं नाही, मी त्यांच्यापर्यंत पोहोचलोच नाही. हक्काचे पैसे मिळाले नाहीत आणि कारखान्याकडून विनापरवाना गैरहजेरीबद्दल खुलासा मागणारं पत्र आलं. ते पत्र मी उशीखाली ठेवून झोपायचो, उघडायची छाती होत नव्हती. पत्राला माझं उत्तर गेलं नाही, यावरून त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

‘पूर्वी असलं काही नव्हतं, आता टेन्शनचे लाड वाढले’ असंही म्हणतात. होतं की. जीव घाबरा होणं, काळजाचं पाणी होणं, धसका घेणं, हाय खाणं, हे शब्द काय शहरातून आले? माझ्या आजोबांचे चुलतभाऊ आयुष्यात कधी आठवडी बाजाराला गेले नाहीत. चार माणसं जमली की ते मागच्या दाराने निघून जायचे. घरच्यांनी त्यांना केळीला रात्रीचं पाणी भरण्याचं काम दिलं. रात्री माणूस नको म्हणतो ते काम त्यांना सुखाचं वाटायचं. चाळीस वर्षं त्यांनी ते केलं. त्यांच्या हातची बाग यावल रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. त्यांना कोणी आजारी म्हटलं नाही, फुकटखाऊही म्हटलं नाही. एका अडाणी शेतकरी कुटुंबाला माणूस बघून काम देता आलं. ते गाव सोन्याचं होतं असं मला म्हणायचं नाही. हेच दुखणं घरातल्या सुनेला झालं असतं तर तिला भगताकडे नेऊन लिंबं उतरवली असती, धुपाची धुरी दिली असती, हे मला ठाऊक आहे. तरीपण कामाला माणूस जुळवायचा की माणसाला काम, हा प्रश्न आमच्या आजोबांना पडला होता आणि त्यांनी तो सोडवला होता.

सरकारांनी हा प्रश्न कसा सोडवला? 1876-78 च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामांवरचा खर्च आवरायचा म्हणून मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणून ठेवलं. काम घरापासून दहा मैल दूर ठेवण्याची कसोटीही तेव्हाचीच. हेतू उघड होता. ज्याला खरंच गरज आहे तो चालत येईल, बाकीचे गळतील. गळले ते कोण? ज्यांच्या पायांत दहा मैल चालायची ताकद उरली नव्हती ते, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती ते. मद्रास इलाख्यात कॉर्निश नावाच्या आरोग्य आयुक्तानेच या रेशनविरुद्ध आवाज उठवला, इकडे पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेने मजुरांची बाजू घेतली. पुढे शंभरेक वर्षांनी आपल्या महाराष्ट्राने उलटा विचार केला. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो हातांच्या अनुभवातून आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी उभी राहिली. 1977 साली कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम ही सरकारची मेहेरबानी राहिली नाही, मागणाऱ्याचा हक्क झाला. पुढे 2005 च्या केंद्राच्या कायद्याने तर काम पाच किलोमीटरच्या आत द्या, नाहीतर मजुरी दहा टक्के जास्त द्या असं लिहिलं. जे अंतर टेंपलसाहेबाने माणूस गाळायला वापरलं, तेच इथे माणसाच्या बाजूने मोजलं गेलं.

मला रोजगार हमीचा अभिमान आहे. माझ्या आजीने त्या कामावर मुलं जगवली. म्हणूनच तिच्यातली एक फट दाखवायला हवी. ‘ज्याला गरज असेल तो कामावर येईल’ हे त्या योजनेचं मूळ गृहीतक. बहुतेकांच्या बाबतीत ते खरं ठरलं. ज्यांना काम करताच येत नाही त्यांच्यासाठी 1980 मध्ये संजय गांधी निराधार योजना आली. म्हणजे दोन दारं झाली, एक धडधाकटांचं आणि एक असमर्थांचं. चिंतेने ग्रासलेला माणूस या दोन दारांच्या मधल्या भिंतीवर जाऊन आपटतो. हातपाय धड म्हणून दुसऱ्या दाराने त्याला हाकलतात, आणि गर्दीत पाय टाकता येत नाही म्हणून पहिल्या दारातून तो जाऊ शकत नाही. 1 जानेवारी 2023 पासून कामावरच्या मजुरांचा मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा फोटो घेणं सक्तीचं झालं, तेव्हा ही फट आणखी रुंदावली. सकाळी खोदकाम करून दुपारी घाबरून घरी निघून गेलेल्या बाईची सकाळ कोणत्या फोटोत मोजायची?

दुसऱ्या दाराचं सांगतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांत मानसिक आजार आहे, पण मदतीसाठी किमान 40 टक्के लागतात. हे टक्के ठरवायला आयडियाज नावाची मोजपट्टी आहे. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींना शून्य ते चार गुण, वर आजार किती वर्षांचा त्याचे गुण. बेरीज सात किंवा त्याहून जास्त झाली की चाळीस टक्के किंवा वर. मोजपट्टीत फारसं वाईट काही नाही. पण गुण देणार कोण? समोर बसलेला अनोळखी डॉक्टर, बाहेर शंभर माणसांची रांग असताना, काही मिनिटांत. मी एका बाईंसोबत आत गेलो होतो. त्यांना विचारलं, “काय त्रास होतो?” त्या म्हणाल्या, “काही नाही.” घरी काम करता? “हो.” शेजाऱ्यांशी बोलता? “हो.” गेली सहा वर्षं त्या दुकानापर्यंत गेलेल्या नव्हत्या. खोलीतून लवकर सुटायचं होतं म्हणून त्या प्रत्येक प्रश्नाला ‘बरं आहे’ म्हणत गेल्या. घराबाहेर पडता येत नाही हे सिद्ध करायला त्यांना घराबाहेर पडून यावं लागलं, आणि आल्या म्हणजे त्यांना येता येतं हे सिद्ध झालं. न जाणारीचा अर्ज बंद होतो आणि जाणारी ठणठणीत ठरते. मग हिने जायचं कुठे?

‘परदेशात बघा, तिकडे काम शोधल्याशिवाय भत्ता मिळत नाही’ असं हल्ली सर्रास ऐकवतात. बघूच. ब्रिटनमध्ये 2008 पासून आजारी माणसाची काम करण्याची क्षमता तपासण्याची पद्धत सुरू झाली. 2010 ते 2013 या काळात आधीपासून भत्ता घेणाऱ्या सुमारे दहा लाख लोकांना पुन्हा तपासलं गेलं. त्याचा अभ्यास झाला तेव्हा जिथे फेरतपासणी जास्त, तिथे आत्महत्या, मानसिक त्रास आणि नैराश्याच्या गोळ्या जास्त असा संबंध दिसला. अभ्यासकांच्या हिशेबाने सुमारे 590 जादा आत्महत्या. कारण सिद्ध झालं असं त्यांनी म्हटलं नाही, आणि मीही म्हणणार नाही. 2013 मध्ये तिथल्याच न्यायाधिकरणाने मात्र स्पष्ट सांगितलं की ही तपासणी मानसिक आजार असलेल्यांना इतरांपेक्षा जास्त तोट्यात टाकते, कारण स्वतःची बाजू स्वतः मांडणं, कागद गोळा करणं हेच त्यांना अवघड जातं. 2013 ते 2018 असा पाच वर्षं चाललेला, यॉर्क विद्यापीठाच्या नेतृत्वाखालचा आणखी एक अभ्यास आहे. भत्ता कापण्याच्या शिक्षेने लोक कामाला लागत नाहीत, कर्जात आणि आजारात जातात, असं त्यात निघालं. इतकी श्रीमंत व्यवस्था, इतके अधिकारी, इतके संगणक असूनही त्यांना जे जमलं नाही ते आमच्या तालुक्याच्या कचेरीत तीन कारकून जमवतील का?

आणि हजेरी या शब्दाचा आपल्याकडचा इतिहास तरी आठवावा. गुन्हेगार जमाती म्हणून ज्यांच्यावर इंग्रजांनी शिक्का मारला, त्यांना रोज हजेरी द्यावी लागे. दिली नाही की तोच गुन्हा. कुठे गेला होता, मुलगा आजारी होता का, कामाला गेला होता का, हे कोणी विचारत नसे. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली, आणि ज्यांच्यावर अविश्वास होता त्यांनाच विश्वासाच्या नोकऱ्या दिल्या. देशातला गुन्हेगार जमातींचा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. त्या लोकांनी भोगलेलं आणि माझ्या शेजारच्या मुलाने भोगलेलं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, दोन्ही एका तराजूत मी घालत नाही. पण न आलेला माणूस म्हणजे दोषी माणूस, ही जी खोड कागदाला लागली ती जुनी आहे, आणि एका राजाला शंभर वर्षांपूर्वी ती मोडता आली होती.

मग काय करावं? तपासणी बंद करा असं मी म्हणत नाही. गैरहजर असा शेरा मारण्याआधी एक माणूस त्या घरी जाऊ द्या. आशाताई गावात आहे, तिला घरोघरी काय चाललंय ते माहीत असतं. चार वाजेपर्यंत आला नाही तर अर्ज रद्द, याऐवजी आठवडाभरात केव्हाही ये, सोबत घरचं माणूस आण, बोलायला जड जात असेल तर लिहून दे, एवढं केलं तर किती खर्च येतो? खिडकीवर जमत नाही त्याला मागच्या खोलीत काम द्या, अर्धा दिवस आला तर अर्ध्या दिवसाचे पैसे द्या. ‘वाजवी सोय’ हा शब्द 2016 च्या कायद्यात आहे, नव्याने शोधायला नको. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात मानसिक आजारातून घडलेल्या वागणुकीबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव ठरवला. बंदूक हातात असलेल्या दलाला जे लागू आहे ते विद्यावेतनाच्या हजेरीपटाला का नको? ऑक्टोबर 2022 मध्ये सरकारने टेलि-मानस सुरू केलं. 14416 वर फोन लावून घरबसल्या मनाच्या आजारावर सल्ला मिळतो. म्हणजे असा माणूस फोनवर बोलू शकतो हे सरकारला मान्य आहे. केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबर 2021 पासून मोबाइलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला देता येतो, मी माझ्या सेवा केंद्रात तसे कितीतरी काढले आहेत. पेन्शनर जिवंत आहे हे ज्या फोनवरून पटतं, त्याच फोनवरून एखादा मुलगा भेदरलेला आहे हे का पटू नये?

तो मुलगा आता रोज दुपारी दीड वाजता माझ्याकडे येतो. मे महिन्यात त्या वेळी आमच्या बाजारपेठेत कुत्रंही रस्त्यावर नसतं. मी शटर अर्धं खाली ओढून ठेवतो, तो वाकून आत येतो आणि मागच्या टेबलावर बसून साडेचारपर्यंत अर्जांची टायपिंग करतो. सातबाऱ्यातलं एक अक्षर चुकत नाही. मला परवडतात तेवढे पैसे मी त्याला देतो, ते पुरेसे नाहीत हे दोघांनाही माहीत आहे. येत्या बुधवारी जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच्या दिव्यांग दाखल्याच्या तपासणीची तारीख आहे. गेल्या रविवारी आम्ही दोघं नुसती जागा बघायला गेलो होतो. सुट्टीमुळे व्हरांडा रिकामा होता. तो बाकावर बसला, दार किती पावलांवर आहे ते मोजलं, नऊ. पाण्याची टाकी कुठे, जिना कुठे, पंखा कोणत्या बाकावर येतो ते बघितलं. घरून एका कागदावर त्याने त्रास लिहून आणला होता, तो मला वाचायला दिला आणि विचारलं, “भाऊ, माझ्याच्याने बोलणं झालं नाही तर हा कागद ते घेतील ना?” मी हो म्हणालो. घेतील की नाही मला माहीत नाही. सकाळी साडेसहाची एसटी धरायची ठरली आहे, तिला गर्दी नसते.